तेलाच्या वाटेवरचा चिखल

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्क्टिक महासागराला लागून, प्रुडो बे हे तेलक्षेत्र आहे. १९६८ साली ते सापडलं. सुमारे २५ अब्ज बॅरल तेल आणि त्याच्या वर नैसर्गिक वायूचा जाड थर असा तो साठा होता. अमेरिकेच्या भूमीवर एवढं तेल एका जागी त्याआधी कुणालाही मिळालं नव्हतं. अलास्का ओलांडून दक्षिणेच्या व्हाल्डीझ बंदरापर्यंत जाणारी जवळपास १,३०० किलोमीटरची पाइपलाइन जून १९७७मध्ये चालू झाली आणि उपसा सुरू झाला. तेल काढत जाऊ तसा वरचा वायू फुगत खाली सरकेल, आणि तेल स्वतःच्या वजनानं निथळत खालच्या विहिरींपर्यंत येईल, असा साठ्याच्या मोठ्या भागासाठी हिशेब होता.

वायू कुठवर उतरला हे कळावं म्हणून अभियंते ठरावीक काळानं विहिरींत न्यूट्रॉन लॉग घेत. हे उपकरण खडकाच्या छिद्रांतल्या हायड्रोजनचा अंदाज देतं. तेलात हायड्रोजन दाटीनं असतो, वायूत विरळ. त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखू येतात. वायू तेलापेक्षा हलका, तेव्हा वर सगळा वायू, खाली सगळं तेल आणि मध्ये एक सरळ सीमा दिसायला हवी. काही विहिरींत मात्र वेगळंच दिसलं. वर वायू, त्याखाली तेलाचा पट्टा, त्याखाली पुन्हा वायू आणि मग पुन्हा तेल. वायू तेलाच्या खाली घुसला होता, आणि वरचं तेल खाली यायचं सोडून जागीच अडकलं होतं.

अडकलेल्या तेलाच्या बुडाशी दरवेळी एकच गोष्ट सापडे: घट्ट झालेल्या चिखलाचा थर. भूविज्ञानात त्याला पंकाश्म म्हणतात, तेलवाले सरसकट शेल म्हणतात. वालुकाश्माच्या मानानं हे थर अगदीच बारीक होते. साठ्यात चिखल एकूण किती, हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. त्यातला प्रत्येक थर किती दूरपर्यंत सलग पसरला आहे आणि कुठे तुटला आहे, यावर तेलाचं भवितव्य ठरतं. ते समजून घ्यायला नदीकडे जावं लागतं, कारण हा खडक नदीनं घडवलेला आहे.

प्रुडो बेच्या मुख्य साठवण खडकाला इव्हिशाक म्हणतात. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक कालखंडाच्या आरंभाला, उत्तरेकडच्या उंच भूमीवरून वाळू आणि गोटे घेऊन नद्या दक्षिणेला वाहत होत्या. ती उत्तरेची भूमी आज तिथे नाही. नद्यांनी टाकलेला गाळ मात्र अडीच किलोमीटर खोलीवर वालुकाश्म आणि पिंडाश्म होऊन बसला आहे. योगायोग असा, की या तेलक्षेत्राच्या शेजारून आजही त्याच जातीची सागावानिर्क्टॉक नदी वाहते, पण उलट दिशेला, दक्षिणेच्या ब्रूक्स पर्वतरांगेतून उत्तरेच्या समुद्राकडे. जमिनीखालच्या नदीचा स्वभाव कळावा म्हणून भूवैज्ञानिकांनी या जमिनीवरच्या नदीत चर खणले आणि रडारच्या लहरी जमिनीत सोडून तिच्या गाळाची रचना तपासली.

या जातीच्या नदीला गुंफित नदी म्हणतात. तिच्या पात्रात एक धार नसते. अनेक धारा फुटतात, वाळूच्या बेटांना वळसा घालतात, पुन्हा मिळतात, पुन्हा फुटतात. पाण्याला पेलवेल त्याहून जास्त जाडाभरडा गाळ, बऱ्यापैकी उतार, पूर आणि ओसर यांत मोठा फरक, आणि सहज ढासळणारे काठ, एवढं जुळून आलं की नदी अशी वागते. गोदावरी, कृष्णा किंवा भीमेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे रूप सवयीचं नाही. आपल्या दख्खनी नद्या खडकाच्या किंवा जुन्या घट्ट गाळाच्या दरडींमधून, ठरल्या वाटेनं जातात. गुंफित नदी तिच्या पूर्ण ताकदीनं पाहायची तर ब्रह्मपुत्रेवर जायला हवं. आसामात ती काही ठिकाणी १० किलोमीटरहून रुंद आहे. पुढे बांगलादेशात तिला जमुना म्हणतात, आणि तिथे तिचा काठ एका वर्षात शेकडो मीटर सरकतो. वाळूच्या बेटांना आसामात चर किंवा चापरी म्हणतात. अशी कितीतरी बेटं काही वर्षांत उभी राहतात आणि काही वर्षांत वाहून जातात.

एवढ्या जोराच्या पाण्यात चिखल बसतोच कसा? पाठ्यपुस्तकं फार काळ सांगत आली की गुंफित नदीच्या गाळात चिखल जवळजवळ नसतो, तो थेट समुद्रात जातो. हे बरंचसं खरं आहे. पाव मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे तीन सेंटिमीटर बुडतो. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण एका दिवसात जेमतेम ३० सेंटिमीटर खाली येतो. (कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या तर वेग वाढतो, पण तरीही पाणी संथच लागतं.) म्हणजे चिखलाला तळ गाठायचा तर दिवसेंदिवस न हलणारं पाणी हवं. वाहत्या धारेत ते मिळणार नाही. गुंफित नदीत मात्र सगळं पाणी सगळ्या वेळी वाहत नसतं, आणि खरी गंमत इथेच आहे.

ब्रह्मपुत्रेचा पूर जुलै-ऑगस्टमध्ये शिखरावर असतो. तेव्हा कितीतरी चर पाण्याखाली जातात. ऑक्टोबरपासून पाणी उतरू लागतं. आधी बेटांचे माथे उघडे पडतात. माथ्यावरच्या खोलगटांत गढूळ पाणी अडकून राहतं, आटतं, आणि मागे बोटभर किंवा त्याहून पातळ चिखलाचा पापुद्रा ठेवतं. उन्हानं त्याला भेगा पडतात. बेटाच्या खालच्या टोकाला, जिथे दोन धारांच्या मध्ये पाणी थबकतं, तिथे आणखी थोडा चिखल बसतो. आणि कुठेतरी एखाद्या धारेच्या तोंडाशी वाळू साचून ती धार नदीपासून तुटते. अशी मेलेली धार हे चिखलाचं सर्वांत मोठं घर. वरच्या तोंडातून वाळू आत येणं बंद होतं, खालचं तोंड उघडं राहतं, आणि पुढच्या पुरात त्यातून फक्त गढूळ पाणी मागे चढून आत शिरतं. पुरामागून पूर येतो, थरावर थर चढतात. गवत उगवतं, मुळं खोल जातात, बेडूक आणि किडे बिळं करतात. काही वर्षांत तिथे नदीच्या दिशेनं लांबट, बाजूंना चिंचोळी, मध्ये जाड आणि कडांना पातळ अशी चिखलाची भर तयार होते.

चिखल बसला म्हणजे टिकला असं नाही. गुंफित नदी आपलाच गाळ पुन्हा पुन्हा उकरते. पुढच्या वर्षी धार सरकली की माथ्यावरचे पापुद्रे सोलून निघतात. मेलेल्या धारेची भरही एका बाजूनं कापली जाते. भूगर्भात जे शिल्लक उरतं ते नदीनं मांडलेल्यातलं थोडंसं असतं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. उकरलेल्या चिखलाचे डिखळे पाण्याबरोबर गडगडत जातात, गोल होतात आणि नव्या धारेच्या तळाशी वाळूत रुतून बसतात.

या डिखळ्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण ते भल्याभल्यांना चकवतात. चिकणमातीत पोटॅशियम आणि थोरियम असतं, म्हणून विहिरीतला गॅमा किरणांचा लॉग चिखलाच्या पातळीवर उसळी घेतो. डिखळ्यांनी भरलेला वाळूचा थरही तशीच उसळी देऊ शकतो. लॉगच्या कागदावर दोन्ही सारखे दिसतात, पण तेलाच्या दृष्टीनं त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सलग थर वाट अडवतो. डिखळ्यांच्या मधल्या वाळूतून तेल आरामात निघून जातं. खात्री करायची तर खडकाचा गाभा, म्हणजे कोअर, काढून डोळ्यांनी पाहावा लागतो. उभ्या कापलेल्या कोअरमध्ये डिखळे ओळखू येतात: कडा गोलावलेल्या, आतले बारीक पदर वेगवेगळ्या दिशांना कललेले. जागच्या जागी बसलेल्या चिखलाचे पदर आडवे असतात, वरून मुळांचे माग उतरलेले असतात, कधी वाळूनं भरलेल्या जुन्या भेगा दिसतात. एका तळहातात मावणाऱ्या कोअरच्या तुकड्यावर कोट्यवधी बॅरलचा हिशेब अवलंबून राहू शकतो.

नद्यांचा आणि वनस्पतींचा संबंधही इथेच येतो. जमिनीवर झाडोरा नव्हता त्या काळातल्या नद्यांच्या गाळात चिखलाचं प्रमाण फार कमी आढळतं. केंब्रिजच्या विल्यम मॅकमॅहन आणि नील डेव्हिस यांनी २०१८ साली जगभरच्या जुन्या नदी-गाळांची तुलना करून दाखवलं, की जमिनीवर आरंभीच्या वनस्पती पसरल्या तसं हे प्रमाण वाढत गेलं. मुळांनी काठ धरले आणि खोडापानांनी पाणी संथ केलं. वाळूत चिखल किती अडकेल हे ठरवण्यात हिरवाईचा एवढा हात असावा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

गाडला गेलेला चिखल आक्रसतो. ताज्या चिखलाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग पाणीच असतो. वर हजारो मीटर गाळ चढला की ते पिळून निघतं आणि एक मीटर चिखलाचा सुमारे एक तृतीयांश मीटर पंकाश्म उरतो. वाळूचे कण एकमेकांना टेकून भार पेलतात, म्हणून वालुकाश्मात मोकळी जागा बरीच टिकते. तेल राहतं ते याच जागेत. पण जागा असणं वेगळं आणि त्यातून वाहता येणं वेगळं. या वाहू देण्याच्या क्षमतेला पार्यता म्हणतात. फ्रान्सच्या दिजाँ शहराचा पाणीपुरवठा पाहणाऱ्या आंरी दार्सी या अभियंत्यानं १८५६ साली वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून तिचा नियम प्रसिद्ध केला, म्हणून तिचं एकक डार्सी.

आता एक छोटं गणित. दहा मीटर जाडीचा चांगला वालुकाश्म घेऊ, पार्यता ५०० मिलीडार्सी. त्यात दहा सेंटिमीटरचा एक सलग पंकाश्म, पार्यता ०.००१ मिलीडार्सी. आडवं वाहणाऱ्या तेलाला या थराची दखलही घ्यावी लागत नाही. ते वर-खालच्या वाळूतून जातं, आणि सरासरी पार्यता ४९५ भरते. उभ्या दिशेनं मात्र तेलाला तो थर ओलांडावाच लागतो. तिथे सरासरी उतरते ०.१ मिलीडार्सीवर. जाडीत एक टक्का चिखल, आणि उभी पार्यता पाच हजार पट कमी! साठ्यात वाळू किती टक्के आणि चिखल किती टक्के एवढंच पाहणारा माणूस याला हसून सोडून देईल आणि फसेल.

हे गणित थर अखंड असेल तरच खरं. थर तुटका असेल तर तेल त्याच्यावरून आडवं सरकत कडेपर्यंत जातं आणि तिथून खाली उतरतं. अंगणात ताडपत्रीचे तुकडे अंथरले तर पावसाचं पाणी त्यांच्या कडांवरून जमिनीत मुरतं, तसंच. तुकडे लहान असतील तर थोडा उशीर होतो, एवढंच. मोठे असतील तर मध्यावर पडलेल्या पाण्याला कड गाठायला फार वेळ लागतो. तेलाच्या बाबतीत हा वेळ वर्षांत आणि दशकांत मोजावा लागतो, आणि तेवढ्यात खालून वायू येऊन वाट बंद करू शकतो. थराची जाडी पाच सेंटिमीटर की पन्नास, यानं तेव्हा फार फरक पडत नाही. फरक पडतो तो लांबी-रुंदीनं. तुटक्या पंकाश्मांचा तेलाच्या उताऱ्यावर होणारा परिणाम तेलअभियंते १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात नीट मोजू लागले होते, आणि प्रुडो बेसारख्या क्षेत्रांमुळे हा विषय ऐरणीवर आला.

अडचण अशी, की लांबी विहिरीत दिसत नाही. विहीर म्हणजे वीत-दीड वीत व्यासाचं भोक. शेजारची विहीर शेकडो मीटर दूर. पहिल्या विहिरीत दिसलेला थर दुसरीत दिसला नाही, तर तो मध्ये कुठे संपला? दोन्हींत दिसला, तर तो एकच की योगायोगानं सारख्या खोलीवर आलेले दोन? यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय पायी करायचा. जिथे असे खडक डोंगरकड्यांत उघडे पडले आहेत तिथे जाऊन प्रत्येक थर टोकापासून टोकापर्यंत मोजायचा. डच भूवैज्ञानिक के. जे. वेबर यांनी १९८२ साली अशा मोजमापांचे आलेख मांडले. समुद्रात बसलेले चिखलाचे थर दूरवर सलग राहतात, नदीच्या धारांमधले लवकर तुटतात, हे त्यांतून आकड्यांनिशी दिसलं. दुसरा उपाय संगणकाचा. नॉर्वेचे हेल्गे हाल्डोर्सेन आणि टेक्सासचे लॅरी लेक यांनी १९८४ साली सुचवलं, की विहिरींत न दिसलेले थर आहेतच असं धरा, उघड्या कड्यांवरून मिळालेल्या लांब्यांच्या प्रमाणात ते संगणकातल्या साठ्यात यादृच्छिक पेरा, आणि मग तेल वाहवून पाहा. असं अनेकदा पेरलं की एकच ठाम उत्तर मिळत नाही, उत्तरांचा पल्ला मिळतो. माझ्या मते तेलशास्त्रातला हा फार प्रामाणिक टप्पा होता. जे दिसत नाही ते नाहीच, असं धरणं त्यानं बंद केलं.

प्रुडो बेवरच्या भूवैज्ञानिकांनी १९८६ साली यापुढे जाऊन थर कशानं बनला यावरून तो कुठवर जाईल हे वर्तवायचा प्रयत्न केला. पूरमैदानावर बसलेला चिखल असेल तर तो अनेक विहिरी ओलांडून जाऊ शकतो. मेलेल्या धारेची भर असेल तर ती प्रवाहाच्या दिशेनं लांब आणि आडव्या दिशेनं अरुंद असणार, म्हणजे पाणी कोणत्या बाजूनं दाबायचं यालाही अर्थ येतो. बेटाच्या माथ्यावरचा पापुद्रा असेल तर तो दुसऱ्या विहिरीपर्यंत पोचण्याची शक्यता कमी. थराची खरी परीक्षा उपसा सुरू झाल्यावर होते. त्याच्या वर आणि खाली खडकातला दाब मोजला आणि दोहोंत मोठी पायरी दिसली, की समजावं हा थर सलग आहे.

या चिखलाला फक्त खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल. विहीर जोरात उपसली की वरचा वायू सुळक्यासारखा खाली ओढला जातो आणि तेलाऐवजी वायूच बाहेर येऊ लागतो. विहिरीचं तोंड आणि वायू यांच्या मध्ये रुंद पंकाश्म असेल तर तो ही ओढ थोपवतो. म्हणून विहिरीला छिद्रं कुठे पाडायची हे ठरवताना अभियंते मुद्दाम अशा थराच्या आडोशाला जातात. तोच थर वरच्या तेलाला अडवतो आणि खालच्या तेलाचं रक्षण करतो. अडकलेलं तेल काढायला १९८०च्या दशकाच्या मध्यापासून प्रुडो बेत आडव्या विहिरी आल्या, आणि पुढे जुन्या विहिरींना बारीक फाटे फोडून थरांवरचे छोटे छोटे साठे गाठले गेले. आरंभी तिथून ९.६ अब्ज बॅरल तेल निघेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात १२ अब्जांच्या वर निघालं आहे. वायू पुन्हा आत दाबणं, पाणी सोडणं, द्रावक वायू वापरणं, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण थरांचा नकाशा हाती नसता तर नव्या विहिरी कुठे खणायच्या हेच कळलं नसतं.

आता हाच प्रश्न उलटा विचारला जातो आहे. हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली कोंडायचा तर तो वर यायला जितका उशीर होईल तितकं बरं. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन वायू समुद्रतळाखालच्या उट्सिरा वाळूत सोडला गेला. ती वाळू समुद्रात साचलेली आहे, नदीत नाही, पण तिच्यातही जेमतेम मीटरभर जाडीचे चिखलाचे थर आहेत. भूकंपलहरींच्या चित्रात वायू नऊ पातळ्यांवर पसरलेला दिसला. प्रत्येक थरानं त्याला आडवं पसरवलं, आणि तरीही तीन वर्षांत तो वाळूच्या माथ्यापर्यंत पोचला. म्हणजे थरांना कुठेतरी वाटा होत्या. समुद्रातल्या थरांना त्या असतील, तर नदीनं उकरलेल्या थरांना किती असतील याचा विचार साठवणुकीसाठी असा खडक निवडणाऱ्यानं आधी करायला हवा.

वाचकाला एक विनंती आहे. हिवाळ्यात कधी जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरीनं माजुलीला गेलात, तर ब्रह्मपुत्रेच्या ताज्या तुटलेल्या कडांकडे नीट पाहा. फिकट वाळूत गडद राखाडी पट्ट्या दिसतील. त्यांतली एक निवडा आणि तिच्या कडेनं चालत जा. ती किती पावलं टिकते, वाळूनं कापल्यामुळे एकदम संपते की पातळ होत विरून जाते, एवढं टिपून घ्या. फक्त कडेच्या अगदी जवळ उभे राहू नका. त्या कडा न सांगता कोसळतात.